शिवेच्या अलीकडे

गेल्या दिवाळीत मराठवाड्यातल्याच एका अंकात माझ्या एका लेखकमित्राने तलवार उपसली होती. मित्र म्हणतो, कारण आम्ही व्यासपीठावर भांडतो आणि खाली उतरून एकत्र चहा घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशी पैशाच्या जोरावर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, बायकांना गिनीपिग केलं गेलं. काहींची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली, काहींना मुद्दाम तसंच सोडलं, आणि कोण मरतं ते वहीत मांडून ठेवलं. लेख गाजला. फोनवर फोन आले म्हणे. मी संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला निलंगेकर. त्या अख्ख्या लेखात उस्मानाबादचा एकही आकडा मला सापडला नाही. तेव्हा आधी आकडे.

अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अशा तिघांनी तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ४९७ गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका मोजल्या. मग चिठ्ठ्या टाकून या गटांचे चार वाटे केले. पहिल्या वाट्याला हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला काचपट्टीवरची पॅप तपासणी. तिसऱ्या वाट्यातल्या बायकांच्या गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या वाट्यातल्या ३१,४८८ जणींना रोगाची माहिती द्यायची, तपासणी कुठे होते ते सांगायचं, पण आपण होऊन तपासायचं नाही.

आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही चाचणीच्या वाट्यातल्या ३४,१२६ बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ गेल्या, न तपासलेल्यांपैकी ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मरण जवळपास निम्म्यावर आलं. पॅप आणि व्हिनेगर यांनी भरवसा ठेवावा असा फरक पडलेला दिसला नाही. निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला.

हे काम शेजारच्या बार्शीने का केलं, हे मित्राला ठाऊक नसावं. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. शहरातल्या नोंदवह्या दवाखान्यात आलेल्या रोग्यांवर चालतात. आमच्याकडे बाई दवाखान्यात येतच नाही. अंगावरून जातंय, हे ती नवऱ्याला सांगत नाही. सासूला सांगितलं तर सासू म्हणते, बाईच्या जातीला हे चालायचंच. म्हणून बार्शीच्या लोकांना गावोगाव फिरून रोगी शोधावे लागले. त्यांना जे सापडलं ते बहुतांशी उशिरा सापडलं, आणि बायकांमध्ये सगळ्यांत जास्त हाच कॅन्सर सापडला. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामामागची नावं. ल्योंहून कुणी नकाशावर बोट ठेवून उस्मानाबाद निवडलं असं झालं नाही.

मित्राच्या लेखातला राग खरं तर उसना आहे. मूळ आक्षेप एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टचा. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगल इथल्या तीन अभ्यासांत मिळून १,३८,६२४ बायकांना तपासणीविना ठेवलं गेलं आणि त्यांतल्या २५४ या कॅन्सरने मेल्या, हे त्याने आपल्याकडच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं. पापानिकोलाऊची, म्हणजे पॅप, तपासणी १९४३ पासून जगाला माहीत होती. मग काहीच न करण्याशी तुलना कशासाठी? हा प्रश्न गंभीर आहे आणि सुबाने तो आकड्यांनिशी विचारला आहे. मित्राने आकडे गाळले आणि आवाज वाढवला.

आता आमच्या निलंग्याची गोष्ट. १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. त्या दिवशी लातूर जिल्हा झाला आणि आम्ही तिकडे गेलो. कासारशिरसीकडून उमरग्याकडे निघालं की तालुक्याची शीव लागते. रान तेच, भाषा तीच, सोयरीक दोन्हीकडे. पण १९९९ मध्ये ती शीव ओलांडली की कुठलीच चिठ्ठी नव्हती. आमच्या बायका एचपीव्हीच्या वाट्यात नव्हत्या आणि चौथ्या वाट्यातही नव्हत्या. त्यांना कुणी मोजलंच नाही. त्या आठ वर्षांत निलंगा तालुक्यात या कॅन्सरने किती बायका गेल्या? माझ्या मित्राला विचारा. तोही निलंग्याचा आहे. ६४ जणींसाठी त्याने सोळा पानं लिहिली, कारण त्या ६४ कुणीतरी मोजल्या होत्या.

इथे मला माझ्या आवडत्या माणसाला बोलवावं लागतं. मित्र म्हणेल, आला हिल. हो, आला. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, क्षयाने अंथरुणाला खिळला, डॉक्टर व्हायचं राहून गेलं; पडल्या पडल्या टपालाने अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे संख्याशास्त्रात शिरला. ज्याच्या छातीत स्वतः क्षय होता त्याने क्षयाच्या औषधाची परीक्षा कशी घ्यायची हे जगाला शिकवलं, याला मी नुसता योगायोग मानत नाही.

१९४६-४७ चं ब्रिटन. क्षयावरचं नवं औषध स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत बनतं, ब्रिटनकडे डॉलर नाहीत. जे थोडं औषध आलं ते आधी क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या, हमखास मारणाऱ्या प्रकारांना दिलं. तिथे तुलनेचा प्रश्नच नव्हता, औषधाशिवाय सगळेच मरत. उरलेलं फुप्फुसाच्या सगळ्या रोग्यांना पुरणं शक्य नव्हतं. मग हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं: औषध सगळ्यांना पुरत नाही, तर ते कुणाला द्यायचं हे वशिल्याने न ठरवता बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवू. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. क्ष-किरणांचे फोटो वाचणाऱ्यांना रोगी कोणत्या गटातला हे कळू द्यायचं नाही. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ गेले, दुसऱ्यातले १४.

आणि वशिला म्हणजे काय, तेही त्याच काळात दिसलं. लेखक जॉर्ज ऑर्वेल क्षयाने ग्लासगोजवळच्या रुग्णालयात होता. ओळखीपाळखी लावून त्याच्यासाठी अमेरिकेहून औषध आलं. त्याला ते सोसलं नाही; कातडी सोलवटली, तोंड फोडांनी भरलं, औषध थांबवावं लागलं. जानेवारी १९५० मध्ये तो गेला. चिठ्ठीपेक्षा वशिला जास्त माणुसकीचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर विचार करावा.

हिलच्या अभ्यासाला आणखी एक शेपूट आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली तेव्हा औषधाच्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ गेले होते. जंतू औषधाला निर्ढावले होते. सहा महिन्यांवर मोजणं थांबलं असतं तर स्ट्रेप्टोमायसिनची आरती ओवाळून सगळे घरी गेले असते. मोजत राहिले म्हणून जोडऔषधांचा शोध पुढे सरकला. आपल्याकडे मद्रासच्या क्षय केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिलं की औषधं नीट घेतली तर घरच्या खाटेवरचा रोगीही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. डोंगरावरची हवा आणि अंडी-दुधाचा खुराक यांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली श्रद्धा एका चिठ्ठीने उतरवली.

या सगळ्यावरून मी मित्राला उत्तर देणार होतो की 'माहीत असलेला उपाय' ही फसवी गोष्ट आहे. पॅप तपासणीने फिनलंडमध्ये मरण घटलं, मान्य. पण तिची अशी चिठ्ठ्या टाकून परीक्षा कुणी घेतली नव्हती. ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रनने ही शंका काढली तेव्हा लोक त्याच्यावर तुटून पडले. पुढे उस्मानाबादेत, एका फेरीत, पॅपने खात्रीचा फरक दाखवला नाही. तेव्हा माहीत असलेला उपाय आमच्या मातीत चालतो की नाही, हे माहीत नव्हतंच. व्हिनेगरबद्दल तर कुणालाच खात्री नव्हती. नंतर दिंडिगलने आणि मुंबईने ते उपयोगी ठरवलं, उस्मानाबादने नाही. इतका गोंधळ असताना चौथा वाटा ठेवणं क्रूरपणा नव्हता.

इथवर लिहून मी हिल पुन्हा चाळला आणि एका जागी अडलो. त्याचं सगळं नीतिशास्त्र टंचाईवर उभं आहे. औषध खरोखरच नव्हतं. उस्मानाबादेत टंचाई कशाची होती? ३४ हजार बायकांना पुरतील इतके एचपीव्हीचे संच आणले गेले. ते चौथ्या वाट्यालाही आणता आले असते, पैसे देणारा काही गरीब नव्हता. टंचाई आपोआप आलेली नव्हती, ती तुलनेसाठी आखलेली होती. आणि ती अमेरिकेत आखता आली नसती. तिथे न तपासलेल्या तीस हजार बायका एका जिल्ह्यात मिळणार नाहीत. आमच्याकडे त्या आयत्या मिळाल्या, कारण सरकारने तोवर कुणालाच तपासलं नव्हतं. सुबाचा आक्षेप इथे टोचतो आणि माझ्याकडून तो पुरता निघत नाही.

मग हा अभ्यास कशाच्या बळावर उभा राहतो? मला एकच जागा दिसते, आणि ती निकालानंतरची आहे. हिलचा निबंध ऑक्टोबर १९४८ मध्ये छापून आला. त्याच वर्षीच्या जुलैत ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. थोड्याच वर्षांत ती औषधं ब्रिटनमधल्या साध्या कामगाराला फुकट मिळू लागली. पाकिटात 'औषध नाही' अशी चिठ्ठी निघालेल्या ५२ जणांना काही सांगितलंही नव्हतं, हे मला आजही खुपतं. पण त्यांच्या समाजाला त्याचं मोल परत मिळालं. चौथा वाटा हे उसनं घेतलेलं होतं आणि त्यांनी ते फेडलं.

आपण फेडलं का? २००९ मध्ये उस्मानाबादेने जगाला उत्तर दिलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली: ३० ते ६५ वय, पाच वर्षांतून एकदा, व्हिनेगर. ज्या चाचणीने उस्मानाबादेत मरण निम्म्यावर आणलं ती त्यात नव्हती. व्हिनेगर स्वस्त आहे, मुंबई-दिंडिगलचा आधार आहे, हे सगळं मान्य. मग निदान व्हिनेगर तरी पोचलं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी या कॅन्सरची कुठलीही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. धाराशिवच्या बायकांनी दिलेल्या उत्तराचा उपयोग जगाने केला. त्यांच्या स्वतःच्या देशातल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी चौथ्या वाट्यातच राहिल्या, फरक एवढाच की त्यांना माहिती सांगायलाही कुणी आलं नाही.

त्या पोकळीत काय वाढलं तेही पाहा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींना काय सांगून काढली? 'ठेवली तर कॅन्सर होईल.' ना पॅप तपासणी, ना विषाणूची चाचणी, ना तुकडा तपासायला पाठवणं. बार्शीच्या डॉक्टरांनी जे प्रश्न कागदावर मांडून, मोजून, लोकांसमोर ठेवले, तेच इथे बंद दाराआड बिल घेऊन 'सोडवले' गेले. हाही प्रयोगच होता. त्याला नीतिसमिती नव्हती, संमतीपत्र असलं तर अंगठ्यापुरतं, आणि निकाल कुणी लिहून ठेवला नाही. मित्राच्या सोळा पानांत याला जागा मिळाली नाही.

संतापाचं नुसतं भांडवल केलं तर काय होतं आणि काय होत नाही, हे २०१० ने दाखवलं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला एचपीव्ही लशीचा प्रकल्प चालू होता. काही मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच मुलींच्या संमतीवर सह्या केल्याचं उघड झालं. ओरड व्हायला हवी होती, झाली. त्या ओरडीत त्या प्रकल्पाशी संबंध नसलेला, बार्शी-पुण्यासह अनेक ठिकाणी चाललेला दुसरा लस-अभ्यासही थांबला. ठरलेले डोस पुरे होण्याआधीच तो अडल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं मागोवा घेतला, आणि २०२१ मध्ये दाखवलं की एक डोसही जवळपास तेवढाच पुरतो. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. थांबलेल्या अभ्यासातूनही ज्ञान निघालं, कारण मोजणारे मोजत राहिले.

तेव्हा माझा निवाडा असा. बार्शीच्या डॉक्टरांवर मी आरोपपत्र ठेवणार नाही. पैसे देणाऱ्यांवर ठेवीन: त्यांनी आठ वर्षं मोजण्यासाठी पैसा दिला, पण निकाल लागल्यावर त्याच जिल्ह्यात पुढची वीस वर्षं चाचणी चालेल अशी तजवीज सरकारकडून लिहून घेतली नाही. आणि सगळ्यांत जड आरोपपत्र सरकारवर, ज्याच्या आळसाने चौथा वाटा शक्य झाला आणि जे निकालानंतरही हललं नाही. यापुढे मराठवाड्यात जो कुणी संशोधनाचा कागद घेऊन येईल त्याला ग्रामसभेने एवढं विचारावं: निकाल लागल्यावर आमच्या गावाला काय मिळणार, किती वर्षांत, आणि कुणाच्या सहीने? उत्तर नसेल तर अंगठा देऊ नये.

निलंग्यापुरतं काम त्याहून सोपं आहे. या चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. डॉक्टरसमोर आडवं पडायची लाज हे कारण आता उरलेलं नाही. क्षयाच्या तपासणीसाठी आलेल्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीची चाचणी होते. आरटीपीसीआरची यंत्रं कोविडने जिल्ह्याजिल्ह्यात आणून ठेवली आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला एकदा ही चाचणी उपजिल्हा रुग्णालयामार्फत मोफत मिळावी, असा ठराव तुमच्या गावच्या येत्या ग्रामसभेत मांडा, आणि त्याची प्रत लातूरच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्या.