प्रायश्चित्त विकत मिळते काय?

दहिसरची नदी तुळशी तलावाकडच्या डोंगरातून निघते आणि खाडीला मिळते. रानात ती निर्मळ आहे. वस्तीत उतरली की पिशव्या, वेष्टणे, बाटल्या अंगावर घेते. २६ जुलै २००५ चा प्रलय आठवतो ना? गटारे तुंबण्यात प्लॅस्टिकचाही हात होता.

आता भाविकहो, प्रश्न असा, की या दोषाचा कर्ता कोण? टाकणारा, की बनवणारा?

व्याकरणात करणारा तो कर्ता आणि करवणाराही कर्ताच. पाणिनीने त्याला 'हेतु' म्हटले आहे. सरकारी नियमही त्याच वाटेने आला आहे. २०१६ च्या नियमांत उत्पादकावर जबाबदारी घातली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची मोजदाद ठरली. वेष्टण बनवणारा, परदेशातून आणणारा आणि त्यावर आपले नाव छापणारा, सगळ्यांनी बाजारात घातलेल्या मालाचा निपटारा करावा. २०२३-२४ साठी हे प्रमाण शंभर टक्के ठरले.

कोणी म्हणेल, "महाराज, दुसऱ्याने केलेल्या कामाचे प्रमाणपत्र विकत घेता येते. ही तर पळवाट!" थांबा. यज्ञात आहुती ऋत्विज देतो, दक्षिणा यजमान देतो आणि फळ यजमानालाच मिळते. तेव्हा दुसऱ्याकडून करवून घेणे हा दोष नव्हे. पण अग्नीच पेटला नाही तर दक्षिणेने फळ कुठून यायचे? २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो खोटी प्रमाणपत्रे सापडली. तो अग्नीवाचूनचा यज्ञ! म्हणून भरपाई भरली तरी कर्तव्य सुटत नाही, ते पुढच्या वर्षांवर चढते, असे नियमच सांगतो. दंड भरणे वेगळे आणि कर्तव्य फिटणे वेगळे.

मग आपण सुटलो काय? नाही हो! धर्मशास्त्रात करणारा, करवणारा आणि अनुमोदन देणारा, तिघेही वाटेकरी आहेत. एकाचा वाटा मोठा म्हणून दुसऱ्याचा शून्य होत नाही. मी स्वतः कीर्तन संपवून पाण्याची बाटली उभ्या जागीच टाकून आलो आहे. नामाने चित्त शुद्ध होते असे तासभर सांगितले आणि अंगण मळवून निघालो! सकाळी ती दुसऱ्या कोणाला तरी वाकून उचलावी लागली असेल. त्या वाकण्याचे ऋण माझ्याकडे आहे.

कारखानदाराचा हिशेब सरकारने घ्यावा, आपण तो मागत राहावे. आपला मात्र आपणच द्यावा. यंदाच्या वारीला तांब्या बरोबर असू द्या.

रामकृष्णहरि.