शिंगराची शिस्त आणि आज्ञापालनाचा प्रश्न

पाठीवर खोगीर चढण्याच्या कितीतरी आधी घोड्याचे शिक्षण जमिनीवर सुरू होते. मोहरकी घालू देणे, दोर धरणाऱ्याच्या बरोबरीने चालणे, तो थांबला की थांबणे, त्याच्या अंगावर न येणे, खरारा होईपर्यंत स्थिर उभे राहणे, पाय मागितला की उचलून देणे, खाण्यासाठी हातावर झडप न घालणे, एवढेच शिंगराकडून अपेक्षित असते. दोन महिन्यांच्या शिंगराने खिसा हुंगून हळूच चावा काढला तर बघणाऱ्याला कौतुक वाटते. जनावर चारशे किलोंचे झाले की तीच खोड माणसाला दवाखान्यात पोचवते. तेव्हा ही शिकवण हवी, यात वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नाचा आहे. शिंगरू जे करू लागते त्याला चांगुलपण म्हणायचे, की भीतीने अंगवळणी पडलेली सवय? आणि माणसासोबत राहण्याचा करार ज्याने कधी केलेलाच नाही, त्याच्याकडून आज्ञापालन मागण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो? भारतीय आणि ग्रीक या दोन्ही परंपरांनी मन आणि इंद्रिये यांच्यासाठी घोड्याचे रूपक वापरले आहे. त्यामुळे हा प्रश्न तबेल्यापुरता राहत नाही.

आधी तबेल्यात काय घडते ते पाहायला हवे. शिंगराला एक पाऊल मागे घ्यायला शिकवायचे आहे असे समजू. शिकवणारा त्याच्या डाव्या खांद्याजवळ उभा राहतो. दोर तो हाताला गुंडाळत नाही, कारण बुजलेल्या जनावराने हिसका दिला तर बोटे जायची. मोकळ्या हाताची बोटे तो शिंगराच्या छातीवर टेकवतो आणि हलका दाब देतो. बहुतेक शिंगरे यावर मागे सरत नाहीत, उलट पुढे रेटतात. अशा वेळी दाब वाढवायचा नाही आणि काढायचाही नाही. थोड्या वेळाने शिंगराचे वजन किंचित मागच्या पायांकडे कलते. खूर अजून जागचा हललेलाही नसतो. नेमकी तेव्हा बोटे काढून घ्यायची. शिंगरू शिकते ते दाब सुटण्यातून. ते रेटत असताना हात निघाला, तर रेटले की सुटका होते हा धडा ते तितक्याच तत्परतेने घेते, आणि त्याला अडेल म्हणून नावे ठेवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की तो धडा आपणच दिला. पाय उचलायला शिकवतानाही हेच सूत्र. पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याने पाय दुसऱ्याच्या हाती देणे ही लहान गोष्ट नव्हे. हात खांद्यावरून सावकाश खाली न्यायचा, पाय उचलला गेला की तो सैल पडण्याची वाट पाहायची, आणि सैल पडताच तो अलगद जमिनीवर ठेवायचा.

कठोपनिषदातील रथाचे रूपक सर्वांना ठाऊक आहे. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग. ज्याचे मन आवरलेले नाही त्याची इंद्रिये दुष्ट घोड्यांसारखी, ज्याचे आवरलेले आहे त्याची चांगल्या घोड्यांसारखी. हे रूपक रथ जुंपून झाल्यावर सुरू होते. चांगला घोडा चांगला कसा झाला हे ते सांगत नाही, आणि त्याच्या विषयासाठी ते सांगण्याची गरजही नव्हती. पण रूपकातला लगाम तेवढा लक्षात राहिला की निग्रह म्हणजे खेचून धरणे असा समज सहज होतो.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात हे खेचणे फार उघडपणे येते. तिथेही आत्मा म्हणजे सारथी आणि दोन घोडे. त्यातला वाईट घोडा उधळला की सारथी लगाम असा मागे ओढतो की त्याची जीभ आणि जबडा रक्ताळतो. हे पुन्हा पुन्हा घडते आणि शेवटी तो घोडा भीतीने नमतो. गंमत अशी की सॉक्रेटिसच्या सहवासातल्याच दुसऱ्या लेखकाने, झेनोफनने, खऱ्या घोड्यांविषयी नेमके उलट लिहून ठेवले आहे. तो सैनिक होता आणि अश्वविद्येवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ आहे. शिंगराची भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटेपणाशी जोडला जावा, आणि खाणेपिणे व सुटका माणसाशी, अशी व्यवस्था मोतद्दाराने करावी, म्हणजे माणूस त्याला हवासा वाटेल, असे तो सांगतो. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये. वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे समजून तो अधिकच बुजेल. आपणच त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूहळू जवळ न्यावे. रागात असताना घोड्याजवळ जाऊच नये, हा त्याचा आणखी एक दंडक. प्लेटोचा घोडा आत्म्याचा एक भाग आहे, झेनोफनचा तबेल्यातला, हे मान्य केले तरी ज्याने खरे जनावर हाताळले त्याने भीतीवर भिस्त ठेवली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

शिंगराच्या शिक्षणाकडे सर्वांत बारकाईने पाहिले ते बौद्ध ग्रंथांनी. मज्झिमनिकायातील भद्दालिसुत्तात बुद्ध जातिवंत शिंगराचा दाखला देतात. त्याला आधी तोंडातल्या लगामाची सवय करतात. पूर्वी कधीच न केलेली गोष्ट करावी लागल्यामुळे ते तडफडते, अंग वेडेवाकडे करते. पण वारंवार आणि क्रमाक्रमाने केल्यावर शांत होते. मग जुंपण्याचा साज, मग चालींचे प्रकार, अशा पायऱ्या येतात आणि शेवटी खरारा व अंग चोळणे हे बक्षीस म्हणून मिळते. शिंगराची तडफड इथे दुष्टपणा ठरत नाही. ती अपरिचयाची खूण मानली आहे. नैतिक विचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

अंगुत्तरनिकायातील केसिसुत्त त्याहून अवघड जागी नेते. केसी हा घोडे शिकवणारा. बुद्ध त्याला त्याची रीत विचारतात. कधी मृदूपणे, कधी कठोरपणे, कधी दोन्ही मिळून, असे तो सांगतो. आणि तरीही घोडा वळला नाही तर? तर त्याला मारतो, कारण आचार्यकुळाला कमीपणा येऊ नये. मग केसी उलट विचारतो, तुम्ही माणसे कशी वळवता? उत्तर तेच येते, शेवटच्या पायरीसकट. हिंसा ज्यांना वर्ज्य ते मारण्याची भाषा कशी करतात, असे केसी चकित होऊन विचारतो, तेव्हा बुद्ध खुलासा करतात: ज्याला उपदेश करण्यात अर्थ नाही असे तथागत आणि सब्रह्मचारी ठरवतात, त्याचा वधच झाला म्हणायचा. या संवादात केसीचे कारण नजरेतून निसटू नये. तो घोडा मारतो तो स्वतःच्या परंपरेच्या लौकिकासाठी. त्यात घोड्याच्या हिताचा भाग नाही. ‘हे जनावर वळणारच नाही’ हा निवाडा सहसा शिकवणाऱ्याच्या सोयीचा असतो.

यावर आक्षेप असा की मृदू शिकवण हीदेखील सक्तीच आहे, फक्त तिचा चेहरा गोड. चाबूक दिसत नाही म्हणून ताबा सुटत नाही. आक्षेप खोटा नाही. सतत दाब देऊन कधीच न सोडलेला घोडाही अखेर शांत दिसतो. पण ती शांतता हार मानलेल्याची असते. कान हलत नाहीत, डोळ्यांत कुतूहल नसते, माशी बसली तरी कातडी क्वचितच थरथरते. बाहेरून पाहणारा त्याला गुणी म्हणतो. वठणीवर आणलेला घोडा आणि शिकलेला घोडा यांतला फरक एवढ्याशा खुणांवर तोलावा लागतो.

ॲरिस्टॉटलच्या मते सद्गुण सवयीतून घडतो. घोड्याला आपले गुणवैशिष्ट्य आहे हेही तो मानतो: धावणे, स्वार वाहून नेणे, शत्रूपुढे टिकणे. पण विचारपूर्वक निवड प्राण्यांना नाही, म्हणून घोड्याचे सद्वर्तन नीतीच्या कक्षेबाहेर राहते. विकी हर्न या अमेरिकी लेखिकेने हे नाकारले. त्या स्वतः कुत्रे आणि घोडे शिकवत असत. ‘ॲडम्स टास्क’ या १९८६च्या पुस्तकात त्यांचा मुद्दा असा की शिकवण्यातून माणूस आणि प्राणी यांच्यात एक सामायिक भाषा तयार होते, तीत प्राण्यालाही बोलता येते, आणि आज्ञा देण्याचा अधिकार शिकवणाऱ्याला कमवावा लागतो. छातीवरच्या त्या बोटांकडे पाहिले तर हे पटते. शिंगराने वजन मागे नेले हे त्याचे बोलणे. हात निघाला हे त्याला मिळालेले उत्तर. जिथे उत्तर मिळत नाही तिथे शिक्षण उरत नाही, ताबा उरतो. आक्षेपाला यापेक्षा भक्कम उत्तर बहुधा देता येणार नाही.

ही भाषा किती सूक्ष्म असते हे बर्लिनमधल्या हान्स या घोड्याने दाखवले. खूर आपटून तो बेरजा सोडवतो असे मानले जाई. १९०७ मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी उलगडा केला, की योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि ते पाहून घोडा थांबे. उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर हान्स चुके. गणिताचा चमत्कार गेला. पण स्वतःपासूनही लपलेली हालचाल घोडा वाचतो, ही बाब शिकवणाऱ्याच्या दृष्टीने जास्त गंभीर आहे. मनात राग धरून हात मऊ ठेवता येत नाही. झेनोफनचा दंडक त्यामुळे सभ्यतेच्या सूचनेपेक्षा जास्त काही ठरतो; आत्मसंयम हा शिंगराच्या शिक्षणाचा पहिला विषय होतो आणि विद्यार्थी माणूस असतो.

महाराष्ट्रात जमिनीवरच्या या शिस्तीची कसोटी आषाढी वारीच्या रिंगणात लागते. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीसोबत येतात. त्यांतला एक माऊलींचा. त्याच्यावर माणूस बसत नाही, स्वतः माऊलीच स्वार असतात अशी श्रद्धा आहे. टाळमृदंगाच्या गजरात तो धावतो आणि टापांखालची माती कपाळी लावायला वारकरी धाव घेतात. एवढ्या गर्दीत न बुजणारा घोडा काही आयत्या वेळी घडत नाही. श्रद्धा आणि तालीम इथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

राहिला संमतीचा प्रश्न. घोड्याने ती दिलेली नाही आणि देऊ शकणारही नाही. पण माणसांत जन्मलेल्या शिंगराला माणसांत राहण्याची रीत न शिकवणे हा काही तटस्थपणा नव्हे. तापी काठच्या सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे तोंड उघडून दात बघते, पाय उचलून खूर बघते. पाय न देणारे जनावर कमी किमतीत, कमी जाणत्या हातात जाते. त्याला नाल नीट बसत नाही, जखम झाली तर डॉक्टर जवळ जायला कचरतो, आणि मार मात्र जास्त मिळतो. ज्याने त्याला लहानपणी लाडावून किंवा घाबरवून सोडले, त्याच्या चुकीची किंमत असा घोडा पुढच्या प्रत्येक मालकाकडे चुकवत राहतो.