रस्ता कोणी बंद करावा, आणि किती दिवस?

नगर-मनमाड रस्त्यावर अवजड वाहन चालवणाऱ्यांच्या ओळखीचा एक आदेश आहे. अहिल्यानगरकडून मनमाडला जाणाऱ्यांनी विळदवरून वळून शेंडी बायपास, नेवासा, कायगाव, गंगापूर, वैजापूर, येवला असं जावं. शिर्डीच्या बाजूने येणाऱ्यांनी पुणतांबा फाटा, झगडे फाटा, सिन्नर, नांदूर शिंगोटे, संगमनेर, आळेफाटा असा रस्ता धरावा. खाली ठरलेली ओळ असते: शासकीय वाहने, रुग्णवाहिका, अग्निशामक दल आणि स्थानिक प्रशासनाने परवानगी दिलेली अत्यावश्यक वाहने यांना हा आदेश लागू नाही. सही पोलीस अधीक्षकांची. कधी कारण शिर्डीच्या गर्दीचं असतं, कधी रस्त्याच्या कामाचं आणि खड्ड्यांचं. यातलं दुसरं कारण मला अस्वस्थ करतं.

अधिकाराबद्दल शंका नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीचं नियमन आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे दिलेलं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 115 सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्या-पुलाची स्थिती पाहून वाहनांना मनाई करू देतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चं कलम 34 बाधित भागातली वाहतूक रोखण्याची ताकद जिल्हा प्राधिकरणाला देतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक पदसिद्ध सदस्य. शिवाय राष्ट्रीय महामार्ग असुरक्षित झाला तर तो बंद करण्याची मुभा 2002 च्या कायद्याने महामार्ग प्रशासनालाही आहे. थोडक्यात, रस्ता बंद करू शकणारे हात पुष्कळ आहेत. कोणत्या प्रसंगी कोणता हात पुढे यावा आणि तो किती वेळ तिथे राहावा, हे मात्र आपण कधी नीट ठरवलेलं नाही.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र महाराष्ट्र विसरणार नाही. महाडजवळ सावित्रीला पूर होता, मुंबई-गोवा महामार्गावरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल चालूच होता, आणि तो पडला. दोन एसटी बस आणि खासगी वाहनातली माणसं पाण्यात गेली. त्यानंतर आणखी गाड्या त्या खाईत जाऊ नयेत म्हणून धावत जाऊन वाहनं थांबवली, ती पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने. त्याच्याकडे ना गणवेश होता, ना कलम. ज्यांच्याकडे कलमं होती त्यांच्यापैकी कोणीही त्या संध्याकाळी पूल बंद केला नव्हता.

या घटनेतून मी घेतलेला धडा असा की पुरात रस्ता बंद करण्याचा निर्णय जितका खालच्या पातळीवर होईल तितका बरा. आमच्याकडे नगर शहराला लागून कल्याण रस्त्यावर सीनेचं पाणी पुलावरून वाहू लागतं, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या हवालदाराला वरून फोन येण्याची वाट बघायला लागू नये. त्याने बॅरिकेड आडवं लावावं आणि मग कळवावं. गावाकडे परतणारा माणूस हुज्जत घालतो, ‘साहेब, गुडघाभरच पाणी आहे, रोजचा रस्ता आहे’ म्हणतो. त्या हवालदाराच्या पाठीशी वरिष्ठांनी निःसंदिग्ध उभं राहायला हवं. उगाच रस्ता बंद केला म्हणून त्याला ओरडा बसला, तर पुढच्या पावसाळ्यात तो हात वर करणार नाही. तासाभराची गैरसोय नंतर भरून निघते. वाहून गेलेली बस परत येत नाही.

पण हीच घाईची सत्ता महिनोन्‌महिने चालू लागली की तिचा स्वभाव बदलतो. नगर-मनमाडचा विळद ते सावळीविहीर हा पट्टा वर्षानुवर्षं प्रवाशांचे हाल करतो आहे. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता ही सगळी ऊस, दूध आणि भाविकांच्या वाहतुकीची गावं. रस्ता नीट ठेवणं हे पोलिसांचं काम नाही. तरी रस्ता निकामी झाला की उपाय म्हणून पोलिसांचाच आदेश निघतो. ठेकेदाराचा आणि बांधकाम यंत्रणेचा उशीर वाहतूक शाखेच्या कागदाखाली झाकला जातो.

आणि वळवलेला ट्रक हवेत विरत नाही. तो घोडेगावात बाजाराच्या दिवशी कांद्याच्या आणि जनावरांच्या गाड्यांमध्ये शिरतो. नेवाशात शाळा सुटण्याच्या वेळी चौकात अडतो. कायगाव, गंगापूर, वैजापूर तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, येवला आणि सिन्नर नाशिक जिल्ह्यात. नगरच्या अधीक्षकांचा अधिकार त्यांच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेरच्या गावांना न विचारता त्यांच्या दारात शेकडो अवजड वाहनं सोडण्याचा परिणाम मात्र त्यांच्या सहीतून होतो. तिथे धूळ खाणाऱ्या, रस्ता ओलांडायला घाबरणाऱ्या माणसाने दाद कुठे मागायची? त्याच्या सरपंचाने नगरच्या अधीक्षकांना पत्र लिहायचं का?

चांगलं उदाहरणही शेजारच्याच पुणे जिल्ह्यात आहे. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला अभिवादन करायला 1 जानेवारीला लाखो लोक येतात. 2018 मध्ये त्या दिवशी हिंसाचार झाला. त्यानंतर दरवर्षी पुणे-नगर मार्गावरची वाहतूक आधी जाहीर करून वळवली जाते आणि नगरकडून पुण्याला जाणारी अवजड वाहनं काष्टी-दौंड मार्गे सोलापूर रस्त्याला काढली जातात. दोन जिल्ह्यांचं पोलीस दल एकत्र बसून हे ठरवतं. कारण सांगितलेलं असतं, वेळ सांगितलेली असते आणि ती संपली की रस्ता खुला होतो. गर्दीच्या प्रसंगी जे जमतं ते खड्ड्यांच्या प्रसंगी जमू नये, याला सबब नाही.

कायदाही हेच सुचवतो. कलम 115 मधली मनाई महिन्याहून अधिक काळाची नसेल तरच राजपत्रातून सूट मिळते. तेव्हा स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते आणि फलकही उभारावे लागतात. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात तात्पुरती आणि दीर्घ अशा दोन वेगळ्या मनाया होत्या. थोड्या दिवसांच्या आदेशांची माळ ओवून वर्ष काढणं हे त्या सवलतीच्या हेतूविरुद्ध आहे. हिंमतलाल शाह खटल्यात 1972 साली सर्वोच्च न्यायालयापुढे याच कलम 33 खालचा अहमदाबादचा एक नियम होता. रस्त्यावरील सभांना परवानगी देण्या-नाकारण्याचा अनिर्बंध अधिकार देतो म्हणून न्यायालयाने तो रद्द केला. 2020 च्या अनुराधा भसीन निकालात जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, सकारण आणि प्रमाणात असले पाहिजेत, असं सांगितलं गेलं. ट्रक वळवणं म्हणजे सभा अडवणं नव्हे, हे मान्य. पण सार्वजनिक रस्त्यावरची सत्ता कारण सांगूनच वापरावी, ही शिस्त दोन्हीकडे लागू व्हायला हवी.

म्हणून जिल्हा प्रशासनाला माझी विनंती साधी आहे. पुरात, वायूगळतीत, अपघातात पोलिसांनी बेधडक रस्ता बंद करावा, कोणी जाब विचारू नये. मात्र सात दिवसांहून अधिक काळ वाहतूक वळवायची असेल तर तो कागद एकट्या पोलिसांचा नसावा. त्यावर रस्ता खराब ठेवणाऱ्या यंत्रणेचं नाव असावं, दुरुस्ती पुरी करण्याची तारीख असावी, पर्यायी रस्त्याच्या देखभालीचा खर्च कोण करणार ते असावं आणि शेजारच्या जिल्ह्याच्या अधीक्षकांची संमती असावी. मुदतवाढ हवी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे त्या यंत्रणेच्या अभियंत्याने उभं राहून कारण सांगावं. पुढचा आदेश निघेल तेव्हा नेवासा, वैजापूर आणि संगमनेरच्या लोकांनी त्याची प्रत मागावी आणि त्यात ही चार उत्तरं आहेत का, ते स्वतः वाचून पाहावं.