पत्र वाचल्यानंतर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस हे गाव तेथील काळसर कड्यांसाठी व त्यांत सापडणाऱ्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथमधील एका शाळेचे आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक तेथून कयाक, म्हणजे दुहेरी वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, घेऊन निघाले. कड्यांच्या कडेने सुमारे तीन किलोमीटरवरील चारमथकडे जायचे, दुपारपर्यंत सहल आटोपायची, एवढाच बेत होता.

कड्याच्या आडोशाला पाणी निवांत भासते. जमिनीकडून सुटलेला वारा होडीला जरा बाहेर नेतो आणि मग सोडत नाही. शिक्षकांची होडी वारंवार उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी अडकला. दुसऱ्याच्या हवाली असलेली मुले एकमेकांच्या होड्या धरून खोल समुद्राकडे वाहत गेली. होड्यांत पाणी शिरू नये म्हणून लावायचे आवरण नव्हते, संकटाची खूण करण्यास ज्योती नव्हत्या. चार मुले दगावली.

वाऱ्यावर खटला भरता येत नाही. पाण्यावरच्या प्रशिक्षकांचे शिक्षण अगदीच प्राथमिक होते. पण त्यांना तेथे धाडले कोणी? सुमारे नऊ महिने आधी त्याच केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी सुरक्षिततेतील उणिवा लेखी कळवून नोकरी सोडली होती. त्यांनी तेथेच राहून भांडावयास हवे होते काय? हा प्रश्न आम्हांला काही काळ छळत राहिला. परंतु ज्याच्या हाती सत्ता नाही त्याने सत्य लिहून दिले, याहून अधिक त्याच्याकडून मागणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. पत्र पोहोचले त्या दिवशी भार वाचणाऱ्याकडे गेला. ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ हे म्हणण्याची सोय तेव्हाच संपली.

डिसेंबर १९९४ मध्ये कंपनी आणि तिचे संचालक सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. ब्रिटनमध्ये कंपनीवर असा दोष शाबीत होण्याची ती पहिलीच वेळ. संचालक त्या दिवशी समुद्रावर नव्हते, वल्ह्याला त्यांचा हातही लागला नव्हता. तरी ते तुरुंगात गेले. १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी कायदा झाला.

हे वाचताना आम्हांला आमचीच एक सही आठवली. धर्मग्रामातील मुलांची होडीतून सहल ठरली होती. परवानगीचा कागद समोर आला. होडीवाला कोण, जीवरक्षक जाकिटे किती, हे विचारण्याचे मनात येऊन गेले. पण बाहेर माणसे ताटकळत होती. आम्ही सही केली. संध्याकाळी मुले वाळूने माखून, आरडाओरडा करीत परतली आणि आम्हांला कोणीही काहीही विचारले नाही.