खंबाटकीतलं माकड आणि मांजर

पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण मर्कटन्याय आणि मार्जारन्याय खऱ्या अर्थानं अंगावर आले ते खंबाटकी घाटात, विजेवरच्या गाडीची बॅटरी संपल्यावर.

अक्का आणि मी पुण्याहून वाईला निघालो होतो. खंडाळा मागं पडलं तेव्हा पडद्यावर पस्तीस किलोमीटर शिल्लक दिसत होते. वाई तेवढ्यात यायला हवी होती. पण तो आकडा सपाट रस्त्याच्या हिशेबाचा. चढ लागला तसा तो भराभर घसरू लागला आणि माथ्याच्या अलीकडे गाडी कडेला घ्यावी लागली. मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडून मुलीनं विचारलं, "मॅडम, गाडी उचलून न्यायची की जागेवर चार्ज करून द्यायची?"

मला हसूच आलं. रामानुजांच्या अनुयायांत नेमक्या याच प्रश्नावरून दोन तट पडले. तेन्कलै म्हणतात, देव मांजरीसारखा आहे. ती पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काहीच करावं लागत नाही. वडकलै म्हणतात, तो माकडिणीसारखा. नेते आईच, पण पिलानं पोटाला घट्ट धरायला हवं. म्हणजे कृपा पुरेशी आहे, की थोडी धडपड आपलीही लागते?

"मांजर बोलव," अक्का म्हणाली, "सावलीत जाऊन बसू." मी माकड बोलावलं. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि गुर्मी जास्त होती. ट्रकच्या पाठीवर चढवलेली आपली गाडी वाईच्या आळीत उतरताना लोकांनी बघावी, हे मला नको होतं.

तासाभरानं पिकअप आला. मागच्या हौद्यात कपाटाएवढी बॅटरी, तिला जाड केबल. पोरगा विशीतला. पूर्वी स्कूटर बंद पडली की ती आडवी करून टाकीतला तळाचा थेंब पुढे आणायचा, नाहीतर कुणी तरी बाटलीभर पेट्रोल द्यायचा आणि निघून जायचा. वीज तशी बाटलीत देता येत नाही. देणाऱ्याला घेणाऱ्याजवळ थांबावं लागतं. पाच युनिटं भरायला पाऊण तास लागणार होता. अक्कानं डबा उघडून त्याच्या हातावर दशमी ठेवली.

केबल लावण्याआधी त्यानं विचारलं होतं, "काकू, आतला पडदा लागतोय ना? मग झालं." मला अर्थ कळला नव्हता. दशमी खाता खाता त्यानं सांगितलं. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठीवर गाडी पळते. दुसरी साध्या गाडीतल्यासारखी बारा व्होल्टची, छोटी. गाडीचा मेंदू तिच्यावर जागा राहतो. चार्जर आणि गाडी आधी एकमेकांशी बोलतात, मगच वीज सोडली जाते. छोटी मेली असती, तर त्याच्या हौद्यातली सगळी वीज असूनही गाडीनं थेंबभर घेतली नसती.

"मग काय केलं असतंस?"

"आधी तिला बाहेरून जागी केली असती."

माझं लक्ष एकदम वेदान्तदेशिकांच्या एका शब्दाकडे गेलं. वडकलै परंपरेचे हे थोर आचार्य. शरणागतीनं कृपा विकत मिळत नाही, हे त्यांनाही मान्य. शरणागती म्हणजे फक्त 'व्याज', म्हणजे निमित्त. मराठीत आपण या शब्दाचं सावकारी व्याज केलं, पण 'निर्व्याज' म्हणताना जुना अर्थ अजून जिवंत असतो. मी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून पुढे जात असे. घाटात तो मला दिसला: पडद्यावरचा मिणमिणता उजेड. त्यानं गाडी तसूभरही हलत नव्हती. पण तो होता म्हणून देणाऱ्याला देता येत होतं.

गुर्मी पुन्हा डोकं वर काढणार होती. म्हटलं, म्हणजे एवढं तरी आपलं स्वतःचं असतं! तेवढ्यात सहज विचारलं, "ही छोटी बॅटरी कशावर भरते रे?"

"मोठीवरच की, काकू."

म्हणजे मदत घेण्यापुरतं जे जागेपण उरलं होतं, तेही आधीच मिळालेल्यातलंच. ते माझं म्हणावं तर उसनं, आणि माझं नव्हे म्हणावं तर त्याच्यावाचून पुढचं सगळं अडलेलं. दोन्ही तटांचे आचार्य इथं कठड्यावर बसले असते, तर वाद मिटला असता असं नाही. दशम्या मात्र कमी पडल्या असत्या.

पैसे दिले, पावती घेतली. "एसी लावू नका. माथ्यापर्यंत खाईल, उतारावर थोडी परत कमवेल," एवढं सांगून तो गेला.

उतारावर आकडा खरोखरच एकेक किलोमीटरनं वाढू लागला. मी अक्काला दोन्ही पंथ, व्याज, छोटी बॅटरी सगळं समजावून सांगितलं. सुरूरचा फाटा येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "अगं, माकडीणही आधी दूध पाजतेच ना? नाहीतर ते पिल्लू धरणार कशाच्या जोरावर?"