त्रिकोणी डोंगर

तो फोन पालथा ठेव. पेन्सिलही खाली ठेव. आता तुझी चारही चित्रं इकडे आण आणि सगळ्यांना दिसतील अशी टेबलावर मांड.

दोन डोंगर. मधून उगवणारा सूर्य. डोंगरातून निघालेली निळी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी वाकलेला नारळ. दुसऱ्या कागदावर तेच, झोपडी तेवढी उजवीकडे सरकली. तिसऱ्यावर नदीत होडी आली. चौथं मोबाइलवरून उतरवलंस, ते त्याच्या रंगांवरून कळतं. काल मी विचारलं तेव्हा म्हणालास, "बाई, काही सुचतच नाही. छावणीत काढण्यासारखं आहे तरी काय?" त्या वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही. तेव्हा आज तुला ऐकून घ्यावंच लागेल, आणि हे सगळ्यांसमोर यासाठी, की तुझ्यासारखे डोंगर या वर्गात आणखी दहा जणांनी काढलेत.

हे डोंगर कुठले, सांग. खाली बघू नकोस, सांग. वर गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड कर. बीबी का मकबऱ्याच्या मागे लेण्यांचे डोंगर दिसतात. मग पाठ फिरव, साताऱ्याचे डोंगर दिसतील. आहे का एकाला तरी असं टोक? माथा सपाट, पाट्यासारखा. अंगावर पायऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. थरावर थर. टणक थराचा कडा उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला, म्हणून त्या पायऱ्या. भूगोलाच्या पेपरात 'बेसॉल्ट' लिहून मार्क मिळवतोस ना? मग चित्रकलेच्या तासाला तो दगड जातो कुठं? आपल्या दारातला डोंगर सोडून कधी न पाहिलेला त्रिकोण काढायचा आणि वर म्हणायचं, सुचत नाही!

नारळाचं तेच. छावणीतले रस्ते कडुनिंबांनी भरलेत, त्यांच्या सावलीतून तू शाळेत येतोस आणि नारळ काढतोस. कडुनिंबाची एक डहाळी हातात घेऊन कधी पाहिलीस? पानाची कड करवतीसारखी. मधल्या शिरेच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक बाजू रुंद असते, म्हणून पान कोयत्यासारखं वळतं. ते वळण जमायला मला दोन वर्षं लागली.

आणि सूर्य. आपल्याकडे तो खाम नदीच्या पलीकडून, शहराच्या घरांवरून आणि मिनारांवरून वर येतो. जूनमध्ये डावीकडे, डिसेंबरात चांगला उजवीकडे. नववीपर्यंत इतक्या सकाळी गेल्या, एकदाही लक्षात आलं नाही?

पण खरा राग मला या पाचव्या कागदाचा आहे. इंटरमिजिएटच्या सराव परीक्षेचं तुझं स्मरणचित्र. विषय मी मुद्दाम दिला होता, 'आठवडी बाजार'. तू काय काढलंस? चार छत्र्या, टोमॅटोचे ढीग, डोळे-नाक नसलेल्या बायका. हा बाजार कोणत्याही गावचा नाही. तुझं घर बाजाराच्या मैदानामागे. दर गुरुवारी सकाळी जनावरांच्या हंबरण्यानं तुझी झोप मोडते, हे तूच मला सांगितलंस. आणि परीक्षेत बाजार आठवून काढायची वेळ आली तेव्हा तुला एक शेळीसुद्धा आठवली नाही!

काय आठवायला हवं होतं, ते ऐक. लाल कंधारी बैल, गडद तांबडा, ऊन पडलं की पाठीवरून तकाकी धावते. देवणी बैल तिन्ही तऱ्हांचा: काळ्या तोंडाचा वानेरा, अंगभर ठिपक्यांचा शेवरा, जवळजवळ पांढरा बालंक्या. ही नावं कुणा चित्रकारानं दिली नाहीत. शेतकऱ्यानं दिली, कारण त्यानं बघितलं. उस्मानाबादी शेळीचा काळा रंग नीट बघ, त्यात कुठं तपकिरी झाक असते, कुठं निळी. तुझ्या पेटीतला काळा उघडलास तर तो रंग यायचा नाही. जनावरांचा व्यापारी, हेडी, बैलाचा ओठ वर करून दात बघतो, दोन दाती की चार दाती की जुळलेला, तेव्हा बैल मान कशी मागे घेतो? कासरा धरलेल्या माणसाचं वजन कोणत्या पायावर असतं? रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो तेव्हा दोघांचे चेहरे मुद्दाम कोरे असतात आणि सगळं बोलणं त्या रुमालाच्या चुण्यांत चाललेलं असतं. म्होरक्या, घुंगरमाळा, लोकरीचे गोंडे विकायला ठेवलेली ती चादर बघितलीस? संकल्पचित्रासाठी नक्षी सुचत नाही म्हणून मागच्या आठवड्यात तू रडकुंडीला आला होतास. नक्षी तुझ्या घरामागे चादरीवर पसरली होती.

अजिंठा इथून शंभर किलोमीटर. सहलीला गेलास, डब्याबरोबर फोटो काढलास, परत आलास. ज्यांनी तिथं रंगवलं त्यांनी गिलावा कशाचा केला? माती, भाताचं तूस, गवताचे तंतू. पिवळा आणि तांबडा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या मातीचा. एक निळा तेवढा दुरून आणलेला. पहिल्या लेण्यात चार हरणं कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून एकच डोकं. बसलेलं हरीण मान वळवतं कसं, उभं असलेलं खाली वाकतं कसं, हे ज्यानं पुरतं पाहिलं होतं त्यालाच ते जमलं. आधी बघणं झालं, मग ती कल्पना आली. तू उलट्या वाटेनं निघालास. कल्पना आकाशातून पडेल म्हणून कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलास.

नक्कल करूच नये असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. मेजर रॉबर्ट गिलला 1844 साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. जवळजवळ वीस वर्षं तो माणूस त्या भिंतींसमोर अंधारात, वटवाघळांच्या वासात उभा राहिला. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यानं पुन्हा सुरुवात केली. तशी नक्कल करशील तर मी तुझ्या पाया पडेन. पण गिल भिंतीसमोर उभा होता. तू एका चित्राच्या फोटोचा फोटो बघतोस, तोही बोटानं पुढे सरकवत.

आणि बघायला अजिंठ्याची भिंतच हवी असं नाही. चित्रकार प्रभाकर बरव्यांची चित्रं ग्रंथालयात आहेत. घड्याळ, पाकीट, सेफ्टी पिन, झाडाचं पान. आपल्या टेबलावर असतात त्याच वस्तू. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक मी तुला दिवाळीपूर्वी दिलं होतं, अजून परत आलेलं नाही. बहुधा उघडलंही नसशील. आणि कवी ना. धों. महानोर आपल्याच जिल्ह्यातल्या पळसखेड्याचे. शेती केली आणि त्याच रानातून 1967 साली 'रानातल्या कविता' आल्या.

मला हे सगळं आपोआप कळलं असं समजू नकोस. कॉलेजात असताना भिंतीचं एक चित्र काढून मी सरांना दाखवलं. सगळे दगड एकसारखे करडे. ते काही बोलले नाहीत. मला एका जुन्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, हात लाव. दगडात बारीक भोकं होती, भोकांत पांढरे खडे चमकत होते, आणि दोन दगडांमधल्या चुन्याला किंचित गुलाबी झाक होती. रोज त्या भिंतीला टेकून मी डबा खात असे. त्या दिवशी मला लाज वाटली. तशी लाज आज तुला वाटावी असं मला मनापासून वाटतं.

रागावते कारण तुझा हात चांगला आहे. या वर्गात एका दमात सरळ रेघ ओढणारा तू एकटाच. तो हात खोट्या नारळावर वाया जाताना मला बघवत नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवशीलही या झोपड्या काढून, परीक्षकांना स्वच्छ काम आवडतं. मला त्या ग्रेडशी काही देणंघेणं नाही.

डोळे पूस. ही चार चित्रं फाडू नकोस, त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत, त्या वापर.

उद्या गुरुवार. सात वाजता मी बाजाराच्या फाटकाशी उभी असेन. फोन घरी ठेवायचा. चार बी पेन्सिल, पुठ्ठा आणि हे कागद आणायचे. पहिला तासभर काहीही काढायचं नाही, एकच जनावर निवडायचं आणि त्याच्यासमोर उभं राहायचं. मालकाला आधी विचार, काका, इथं थांबू का म्हणून. मग माझ्याकडे यायचं, जनावराकडे पाठ करायची आणि मला सांगायचं: शिंग कानाच्या पुढून निघतं की मागून, खूर मातीत किती रुततो, शेपटीचा गोंडा कोणत्या रंगाचा. तीन उत्तरं बरोबर आली तरच पेन्सिल हातात मिळेल. चुकलास तर पुन्हा तासभर.

शाळेला उशीर झाला तर मी मुख्याध्यापकांशी बोलेन. आईला सांगून ये. ऊन लागतं, टोपी आण.