बुरुजाचा खर्च
(लूक १४ : २८–३०)

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने अगोदर बसून खर्चाचा अदमास घ्यावा, नाहीतर पाया घालून काम राहील व लोक हसतील, असे प्रभूने सांगितले. तो शिष्यपणाविषयी बोलत होता, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्याने दाखला घेतला तो बांधकामाचा, आणि सास्तूरच्या भागात राहणाऱ्यांस तो फोडून सांगावयास नको.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर लोक निजले असता, भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती व जड माळवदे निजलेल्यांवर कोसळली. आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. मग देशोदेशींहून साहाय्य आले. जागतिक बँकेने सरकारास कर्ज दिले, सेवाभावी संस्थांनी गावे दत्तक घेतली, आणि ५२ गावे नव्या जागी वसली. हे उपकार विसरणे पाप होय.

तथापि दात्यास कोनशिला दिसते, गळणारे छत दिसत नाही. संस्थेस मिळणारा निधी बहुधा भिंती उभ्या करण्यापुरता व ठरल्या मुदतीचा असतो. देखरेखीचा पगार व दहा वर्षांनंतरची डागडुजी त्यात बसत नाही. पुढे २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, २००४ साली त्सुनामी आली. दात्यांनी तिकडे वळावे, हे योग्यच. मग येथले छत कोणी पाहावे?

आम्हांसच याची लाज वाटते. आमच्या एका मंडळीत एका विधवेचे छत तीन पावसाळे गळत होते, आणि आम्ही दात्याच्या पत्राची वाट पाहत बसलो. काम अखेर दोन दिवसांचे निघाले!

नहेम्याचा तिसरा अध्याय पुष्कळ जण नावांची यादी म्हणून ओलांडून जातात. तेथे सोनार व गंधी यांनी तट दुरुस्त केला, शल्लूमाच्या कन्यांनीही केला, आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग सावरला. राजाने लाकूड दिले होते, पण हात त्यांचेच होते. भूकंपानंतर ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथेही सरकारी साहाय्याने घरधन्यांनी आपली घरे स्वतः मजबूत केली, व महिला मंडळांच्या बायकांनी घरोघर जाऊन रीत समजाविली.

यास्तव उपदेशकांस विनंती की, मुठीचे धान्य जमते त्यातून चौथा हिस्सा निराळा ठेवावा व वहीत त्यास ‘घरदुरुस्ती’ असे पान घालावे. मृगापूर्वी वडीलमंडळींनी प्रत्येक विधवेच्या व वृद्धाच्या घरी शिडी घेऊन जावे, आणि काय लागेल ते त्या पानावर लिहावे.